एका विषयात पुढे, दुसऱ्यात मागे

मुलांना घरीच शिकवणारे पालक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न वरवर वेगवेगळे असले तरी मुळाशी बहुतेकदा एकच काळजी असते : सगळे विषय आपल्याला सारखे येत नाहीत, तर आपल्या कच्चेपणाची झळ मुलाला लागणार नाही ना? अशाच एका आईचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, येथे देत आहे.

त्यांचा दहा वर्षांचा मुलगा गेली काही वर्षे घरीच शिकत होता. वाचनात तो वयाच्या पुढे होता, इतिहासावर तासन्‌तास बोलत असे, झाडापाखरांच्या नोंदी ठेवत असे. गणितात मात्र स्पष्टपणे मागे होता. "हुशार आहे हो तो, पण गणिताची वही काढली की त्याचं पोट दुखायला लागतं," असे त्या म्हणाल्या आणि त्याच दमात पुढे म्हणाल्या, "मलाही शाळेत गणित कधी जमलं नाही." त्या दोन वाक्यांचा परस्परसंबंध असेल असे त्यांच्या मनात आलेले नव्हते.

मी त्यांना गणित आणि इतिहास हे दोन्ही विषय माझ्यासमोर नेहमीसारखेच घ्यायला सांगितले. गणितात अपूर्णांकांची बेरीज होती : एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मुलाने अंशांत अंश, छेदांत छेद मिळवून दोन पंचमांश लिहायला घेतले. अपूर्णांक ही एक संख्या न वाटता वरखाली लिहिलेल्या दोन संख्या वाटतात, तोवर ही चूक होतेच. दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षाही कमी आहेत, म्हणजे मिळवल्यावर रक्कम घटली, हे त्याला विचारले असते तर तो स्वतःच अडखळला असता. पण छेदाचा आकडा उमटण्याआधीच आईचा खोडरबर वहीवर पोहोचला. मुलाचे लक्ष एव्हाना वहीवर नव्हतेच, तो आईच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

इतिहासाच्या वेळी त्याने वाफेचे इंजिन छापखान्याच्या आधीचे ठरवले. युरोपात गुटेनबर्गचा छापखाना १४५०च्या सुमाराचा आणि वॉटच्या सुधारित इंजिनाचे पेटंट १७६९चे, म्हणजे चूक तीनशे वर्षांची होती. आई हसल्या आणि म्हणाल्या, "असं का वाटलं तुला?" मग यंत्र चालवायला वाफ लागतेच का, यावर दोघांची छान चर्चा रंगली.

चूक दोन्हीकडे झाली होती; एकीकडे तिच्यातून पाठ पुढे सरकला, दुसरीकडे ती पुसली गेली. मानसशास्त्रज्ञ सिअन बेलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांबाबत असे आढळले होते, की गणिताची धास्ती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत असतील, तर त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि मुलांची स्वतःची धास्तीही वाढते. वाचनाच्या प्रगतीत असा परिणाम दिसला नव्हता. हा अभ्यास शाळेत जाणाऱ्या मुलांचा आहे, हे मान्य. पण घरी शिकणाऱ्या मुलाला तर तोच चेहरा रोज समोर असतो. अशा पालकाला "घाबरू नका" असे सांगणे मला निरुपयोगी वाटते. घाबरू नये हे त्यालाही कळत असतेच.

म्हणून काही काळ गणित मावशीकडे सोपवले. ती व्हिडिओ कॉलवर शिकवत असे आणि आईने शेजारी विद्यार्थी म्हणून बसायचे, असे ठरले. खोडरबर बंद, चुकलेले उत्तर तसेच ठेवून "हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" एवढेच विचारायचे. मावशीने कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घ्यायला लावल्या. एकीला मधोमध घडी, दुसरीला तीन भागांची. मग दोन्हींवर सहा-सहा भाग पाडल्यावर तीन भाग आणि दोन भाग मिळून पाच षष्ठांश समोर दिसले. छेद समान का करायचे हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा कळले, असे आईंनी मला नंतर सांगितले. सराव आठवड्यातून एकदा दोन तास न घेता रोज थोडा घ्यायला सांगितले, कारण विभागून केलेला सराव अधिक टिकतो, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या १८८५च्या स्मृतिप्रयोगांपासून दिसत आले आहे.

एका विषयात पुढे आणि दुसऱ्यात मागे असणे घरी शिकताना साहजिक आहे, पण सगळे मागेपण सारख्या वजनाचे नसते. इतिहास कुठूनही सुरू करता येतो. अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर, शेकडेवारी आणि पुढे बीजगणितही अडते. त्यामुळे गणितातली गळती आधी बुजवायची, भूगोलातली थोडी थांबली तरी चालते. निवांत वातावरणातही मुलाला लहान संख्यांतले लहान-मोठेपण कळत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या समजण्यातल्या विशिष्ट अध्ययन-अडचणीची, तपासणी करून घ्यावी. या मुलाचे तोंडी अंदाज चटकन आणि बरोबर येत असल्याने तशी गरज भासली नाही.

आता दशांश अपूर्णांक आईच शिकवतात, लांबलचक भागाकार अजून मावशीकडे आहे. गणित त्याला आवडू लागले आहे असे नाही, पण पोट दुखत नाही. सध्या आमचे बोलणे वेगळ्याच गोष्टीवर चालले आहे : विज्ञानाच्या प्रयोगाबद्दल तो भरभरून बोलतो आणि लिहितो तीनच ओळी. त्याने तोंडी सांगायचे, आईने जसेच्या तसे टाइप करायचे आणि मग त्यानेच ते दुरुस्त करायचे, असे तूर्त चालू केले आहे.