वाचकांचे प्रश्न : ऐतिहासिक कादंबरीच्या पलीकडे

प्रश्न : मी अमळनेरला राहते. आजवर केवळ ऐतिहासिक कादंबऱ्याच वाचल्या. इतर साहित्यप्रकारांकडे कसे वळावे?

उत्तर : आपल्याच मातीपासून आरंभ करावा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यास शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची कहाणी सांगणारी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) कादंबरी असूनही आत्मकथनाच्या सुरात बोलते, आणि म्हणूनच तिच्यानंतर दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हाती घेतल्यास कल्पिलेला ‘मी’ आणि जगलेला ‘मी’ यांतले अंतर स्पष्ट जाणवू लागते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर मी पुनःपुन्हा वाचतो. दुःख इतक्या प्रसन्नपणे सांगणारे पुस्तक मला दुसरे ठाऊक नाही. कथासंग्रह मात्र सलग वाचू नये. रोज एकच कथा वाचून ती मनात मुरू द्यावी.