विषाणुभार म्हणजे आजाराचं ओझं नव्हे

प्रश्न नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आहे : "सर, 'व्हायरल लोड'ला मराठीत विषाणूभार लिहायचं की विषाणूमात्रा? वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी हवं आहे. पोरं म्हणतात, करोनाच्या नव्या व्हेरिएंटचा भार जास्त, म्हणून तो जास्त पसरतो आणि जास्त धोक्याचा. 'भार' या शब्दामुळेच तसं वाटते का जी? आणि 'व्हेरिएंट'ला काय लिहू?"

विषाणुभार लिहा. बाधिताच्या अंगात विषाणू किती आहेत, ते सांगणारा हा आकडा. मात्रा हा शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा, ते काम पुढे सांगतो.

पोरांना दोष देऊ नका, बाई. हे वाक्य आपण मोठ्यांनीच २०२१ पासून त्यांच्या कानांवर घातलं आहे. बर्डीवरच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, बातम्यांत एकच पालुपद : "लोड जास्त आहे, म्हणून घातक आहे." हा 'म्हणून' मला अजूनही ऐकवत नाही, कारण 'भार' या शब्दाच्या अर्ध्याच अर्थावर तो उभा केलेला आहे.

विषाणू म्हणजे काय, करोना म्हणजे काय, हे सोडून देतो आणि थेट धातूवर येतो. भार हा 'भृ' धातूचा. भृ म्हणजे वाहणं, धारण करणं, पोसणं. भृत्य, भर्ता, भार्या ही सगळी याच धातूची लेकरं. हाच धातू लॅटिनमध्ये 'फेर्रे', ग्रीकमध्ये 'फेरेइन' आणि इंग्रजीत 'बेअर' या रूपांत भेटतो आणि सगळीकडे त्याच्या मुळाशी वाहणं आहे. 'ट्रान्सफर'मधला 'फर' हा तोच, आणि अख्ख्या शब्दाचा अर्थ 'पलीकडे वाहून नेणं'. आपला भार आणि ही ट्रान्सफर सख्ख्या नात्यातले शब्द आहेत! दडपून टाकणारं ओझं ही छटा मागाहून आलेली. पदभार, कार्यभार, प्रभारी या शब्दांत आजही वाहणंच ऐकू येतं. कडब्याचा भारा म्हणजे तरी काय, डोक्यावरून नेता येईल इतका बांधलेला कडबा.

आता इंग्रजी 'लोड' पाहा. याच्या जुन्या रूपाचा अर्थ होता वाट, प्रवास, वाहून नेणं. ध्रुवताऱ्याला 'लोडस्टार' म्हणतात ते तो वाट दाखवतो म्हणून. माल चढवणं या अर्थाचं 'लेड' हे वेगळं क्रियापद इंग्रजीत होतं. त्याच्याशी गल्लत होत होत 'ओझं' हा अर्थ 'लोड'ला चिकटला. म्हणजे शब्द दोन, त्यांची मुळं एकमेकांना अनोळखी, तरी दोघांचा पहिला अर्थ एकच निघतो. शब्दांच्या मागे हिंडताना असं क्वचितच हाती लागतं, आणि लागलं की मला ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. 'व्हायरल लोड'साठी 'विषाणुभार' हा शब्द ज्यानं कुणी पहिल्यांदा योजला त्याला हे ठाऊक असो वा नसो, निवड अचूक झाली आहे.

विदर्भातल्या माणसाला तर 'भार'चा हा उपयोग नवा वाटायलाच नको. कोराडी आणि खापरखेड्याला वीज तयार व्हायची आणि आसपासच्या गावांतले पंप भारनियमनात बंद राहायचे, हे आपण सोसलं आहे. भारनियमनातला भार म्हणजे तारेतून किती वीज ओढली जाते ते. तार जळाली की नाही, हा प्रश्न वेगळा. 'लोड'चं 'भार' हे भाषांतर आपल्या घराघरांत पोचून कितीतरी वर्षं झाली, आणि त्यात मोजायची गोष्ट कोणती हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

विषाणुभार तसाच मोजला जातो. नाकातून किंवा घशातून घेतलेल्या नमुन्यात, एका मिलिलिटरमागे विषाणूच्या जनुकीय साखळीच्या किती प्रती आहेत, ते म्हणजे भार. हा माणूस किती विषाणू वाहतो आहे आणि श्वासागणिक किती बाहेर टाकू शकतो, याचा त्यावरून अंदाज येतो. तो अंदाजच, कारण चाचणी मेलेल्या विषाणूंचे तुकडेही मोजते. पण माणूस स्वतः किती आजारी आहे, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये तरुण, निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून प्रयोग केला गेला. हिशेबात धरलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना लागण झाली. त्यांच्या नाकातला भार पाचव्या दिवसाच्या सुमारास शिगेला पोचला. त्या भाराचा आणि लक्षणांच्या तीव्रतेचा मेळ मात्र बसला नाही. ज्यांना काहीच त्रास झाला नाही त्यांच्याही नाकात भरपूर भार होता. इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांत जास्त भार आणि जास्त मृत्यू यांचा संबंध काही अभ्यासांत दिसलेला आहे, हे मला मान्य आहे. पण ते आधीच गंभीर झालेल्यांचं चित्र आहे. रस्त्यावरून हिंडणाऱ्या बाधिताला ते लावता येत नाही.

आता 'विषाणुमात्रा'वाल्यांकडे वळतो. परिभाषेत काम केलेले काही जाणकार आग्रहानं सांगतात की भार हा शब्द जड आहे, त्यातून भीती वाटते, आणि मात्रा म्हणजे नुसतं प्रमाण, म्हणून मात्राच बरी. मला हे साफ अमान्य आहे. 'मा' धातूचा अर्थ मोजणं, इथवर ते बरोबर आहेत. पण मराठी माणसाच्या कानाला मात्रा हा शब्द वैद्याच्या घरून आलेला आहे. हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवतात. मात्रा लागू पडते. एखाद्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. या सगळ्या प्रयोगांत मात्रा ही बाहेरून आत दिली जाणारी गोष्ट आहे. आत जे आधीच वाढलेलं आहे त्याला मराठीत कुणी मात्रा म्हटलेलं मी ऐकलं नाही. प्रमाण एवढाच अर्थ धरून शब्द ठरवायचा, तर शब्द वापरणाऱ्यांना विचारायचंच कशाला?

आणि विज्ञानालाही नेमका हाच भेद लागतो. बाधिताच्या अंगात आहे तो भार. दुसऱ्याच्या श्वासातून आत जाते ती मात्रा. त्या ब्रिटिश प्रयोगात सगळ्यांना मात्रा एकसारखी आणि अगदी थोडी दिली होती, एका बारीक थेंबात मावेल इतकी. तेवढ्यावर निम्म्याहून अधिक लोकांना लागण झाली आणि पुढे त्यांच्या नाकात प्रचंड भार तयार झाला. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा प्रयोग मराठीत सांगताच येणार नाही! खिडक्या उघडणं, मुखपट्टी बांधणं, गर्दीत कमी वेळ थांबणं यांनी बाधिताचा भार तसूभरही हलत नाही. शेजारच्याला पोचणारी मात्रा घटते. भित्तिपत्रकावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत घ्याच.

पोरांच्या वाक्यातला 'पसरतो' तपासायचा राहिला. तो अर्धा खरा आहे. डेल्टा या व्हेरिएंटच्या बाबतीत पुरता खरा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले आणि मार्चमध्ये १५ ते २१ तारखांना नागपूर बंद झालं. तेव्हा चर्चा बी.१.६१७ या कुळाची होती. त्याच्याच एका शाखेला ३१ मे रोजी डेल्टा हे नाव मिळालं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना वेगळं ठेवून त्यांची वरचेवर चाचणी केली गेली. डेल्टावाल्यांची चाचणी संपर्कानंतर साधारण चौथ्या दिवशीच होकारार्थी येई, २०२० च्या सुरुवातीच्या विषाणूला सहा दिवस लागत. आणि त्या पहिल्या होकारार्थी नमुन्यातला भार आधीच्या सुमारे १००० पट होता. भार मोठा आणि लवकर, असं दुहेरी बळ त्याच्याकडे होतं.

त्यानंतरच्या ओमिक्रॉन या व्हेरिएंटनं मात्र हे गणित मोडलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो जाहीर झाला आणि काही आठवड्यांत त्यानं डेल्टाला मागे टाकलं. त्याचा नाकातला भार डेल्टाहून जास्त नव्हता, काही अभ्यासांत तर थोडा कमीच भरला. त्याचं बळ दुसरीकडे होतं. विषाणूच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रथिनात तीसहून अधिक बदल झाल्यामुळे लशीनं किंवा आधीच्या लागणीनं तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, त्याला नीट ओळखत नव्हती. हाँगकाँगच्या प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या ऊतींत तो २४ तासांत डेल्टाच्या सुमारे ७० पट वाढला, आणि फुप्फुसाच्या ऊतींत मूळ विषाणूपेक्षाही कमी. म्हणून 'नवा व्हेरिएंट, म्हणजे भार जास्त' हे समीकरण फळ्यावरून पुसून टाका.

भार किती, याइतकंच तो कधी शिगेला पोचतो हेही मोलाचं. २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे करोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या आधीच्या साथीत, लक्षणं सुरू झाल्यावर दहाव्या दिवसाच्या आसपास भार सर्वाधिक असे. तोवर रुग्ण खाटेवर असायचा, त्याला वेगळं ठेवणं जमायचं, आणि ती साथ सुमारे ८००० रुग्णांवर थांबली. कोविडच्या सुरुवातीच्या वर्षांत भार लक्षणांच्या आगेमागेच शिखर गाठायचा. माणूस ठणठणीत वाटत असताना कार्यालयात जातो, लग्नाच्या पंगतीला बसतो, आणि तेव्हाही तो भरपूर विषाणू वाहत असू शकतो. पुन्हा तोच भृ धातू.

सीटीचा घोळही याच घरातला. २०२१ च्या वसंतात नागपुरात "सीटी किती आला?" हा प्रश्न जो तो विचारी, आणि उत्तर देणारे दोन वेगळ्या गोष्टी सांगत. आरटीपीसीआरमधली सीटी व्हॅल्यू म्हणजे विषाणू दिसायला यंत्राला किती आवर्तनं लागली ती संख्या. ती जितकी कमी तितका भार जास्त. एका आवर्तनात प्रती दुप्पट होतात, म्हणून ३० आणि २० यांत दहाचा नव्हे, हजारपटीचा फरक आहे. छातीच्या स्कॅनमधला सीटी स्कोर २५ पैकी असतो आणि तो फुप्फुसाची हानी सांगतो. तिथे जास्त म्हणजे वाईट. नातेवाईक एक आकडा ऐकून दुसऱ्याची भीती बाळगत. शिवाय सीटी व्हॅल्यू नमुना कसा घेतला यावरही हलते. नाकातली काडी वरवर फिरवली तर भार कमी दिसतो. नागपुरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत काढली. काडीची गरज संपवणारं ते काम आपल्या शहरात झालं, हे भित्तिपत्रकावर यायलाच हवं.

जाता जाता दोन तक्रारी. 'व्हायरस हा शब्द संस्कृत विषावरून निघाला' असा मजकूर भ्रमणध्वनीवर फिरत असतो. तो चूक आहे. लॅटिन 'वीरुस' आणि संस्कृत 'विष' ही एकाच पूर्वजाची नातवंडं आहेत, एक दुसऱ्याचं अपत्य नाही. दुसरी तक्रार आपल्या नागपूरच्या मराठीची. हिंदी शेजारणीकडून 'संक्रमण' आणि 'संक्रमित रुग्ण' आपण उचलले. मराठीत संक्रमण सूर्याचं होतं, रोगाचा संसर्ग होतो किंवा लागण होते. 'लागण'सारखा घट्ट शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

'व्हेरिएंट'ला 'उपप्रकार' लिहा. 'उत्परिवर्तन' लिहू नका. उत्परिवर्तन म्हणजे एकेक बदल, आणि असे अनेक बदल घेऊन जो फिरतो तो उपप्रकार. आणि विषाणू सुटा लिहिताना णू दीर्घ, पण समासात ऱ्हस्व : विषाणुभार, विषाणुमात्रा, विषाणुविज्ञान. गुरू आणि गुरुदक्षिणा यांचाच नियम. तुमच्या प्रश्नात दोन्ही ठिकाणी दीर्घ पडला आहे, भित्तिपत्रक छापायच्या आधी तेवढं दुरुस्त करा.