नव्या एएमटीचा पिकअप उशिरा येतो, गिअर विचित्र पडतात: आधी उशीर कुठे होतोय ते शोधा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवी पेट्रोल एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक, जेमतेम ७०० किमी चाललेली. सिग्नल सुटल्यावर एक्सलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी झटक्याने सुटते. ३५-४० च्या वेगाला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तिची ये-जा चालते, आणि चढावर ती वरचा गिअर घेतच नाही. सर्व्हिस सेंटरने ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवलं. यातली गिअरची ये-जा आणि चढावरचं वागणं खरोखर नॉर्मल आहे. सुटतानाचा उशीर बराचसा पायाच्या सवयीने कमी होईल. झटका मात्र तपासून घ्यायलाच हवा.

आपल्याकडे २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच प्लेट तीच, गिअर तेच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम ॲक्च्युएटर करतो आणि कधी करायचं ते एक कंट्रोल युनिट ठरवतं. गिअर बदलताना इंजिनाची ताकद कमी केली जाते, क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवा बसतो, क्लच पुन्हा धरतो. तेवढ्या वेळात चाकांना जोर मिळतच नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकडतो, म्हणून तिथे ही पोकळी जाणवत नाही. एएमटीत ती राहणारच, कोणत्याही सेटिंगने पूर्ण जाणार नाही.

पण ‘थ्रॉटल लॅग’ या एका नावाखाली आपण तीन-चार वेगळे उशीर एकत्र करतो. एक पेडलचा: आता पेडल आणि थ्रॉटलमध्ये केबल नसते, सेन्सरचा सिग्नल जातो आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचा ते इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, ठरवतो. मायलेज आणि उत्सर्जनाचे नियम सांभाळण्यासाठी सुरुवातीचा प्रतिसाद मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. दुसरा इंजिनाचा, विशेषतः लहान टर्बो असेल तर १,८०० आरपीएमच्या खाली. तिसरा क्लच पकडण्याचा. चौथा खालचा गिअर घ्यायचा की नाही या निर्णयाचा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी हे करून पाहा.

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एक्सलरेटर हलका दाबा. आरपीएम लगेच चढला तर पेडल आणि थ्रॉटलमध्ये मोठा दोष नाही. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर ठेवा, २०-२५ च्या वेगाला पेडल दाबा. गाडी लगेच ओढत असेल, पण ऑटोमध्ये त्याच वेगाला अडखळत असेल, तर उशीर गिअरच्या निर्णयात आहे. शेवटी सपाट रस्त्यावर थांबून फक्त ब्रेक सोडा. क्रीप असलेली गाडी एक-दोन सेकंदांत आपणहून सरकायला हवी. सरकताना थरथरत असेल किंवा धक्का देत असेल, तर क्लचचा पकडबिंदू (तो नेमका कुठे पकडू लागतो ती जागा) कंट्रोल युनिटला नीट शिकवलेला नाही असा दाट संशय घ्या. हे सगळं एकदा सकाळी इंजिन थंड असताना आणि एकदा तासभर ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर करा, कारण गरम झाल्यावर क्लचचं वागणं बदलतं.

एक साधी गोष्ट आधी बघा: पायाखालचं मॅट. कंपनीच्या मॅटवर जाड सेव्हन-डी मॅट टाकलेलं असेल तर पेडल शेवटपर्यंत न जाण्याची शक्यता असते आणि मग किकडाऊन (पेडल पूर्ण दाबल्यावर गाडीने आपोआप खालचा गिअर घेणं) मिळत नाही. शिवाय मॅट सरकून पेडलखाली किंवा पेडलवर अडकू शकतं, तो धोका वेगळाच. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल तर बटणाने ती बंद करून पाहा. ब्रेकवरून पाय उचलल्यावर आधी इंजिन सुरू होणार, मग क्लच पकडणार, म्हणजे उशिरात भर. इको मोड असेल तर तोही काढा.

आता चालवण्याचं. गाडी ब्रेक दाबून उभी असते तेव्हा एएमटीचा क्लच सुटलेला असतो. ब्रेकवरून थेट एक्सलरेटरवर पाय मारला की इंजिन रेस होतं, क्लच मागून पकडतो, आणि झटका बसतो. सिग्नल सुटायच्या जरा आधी ब्रेक सोडा, गाडी सरकू द्या, मग हळूहळू पेडल द्या. वेग धरताना गिअर बदलायची वेळ आली की पाय किंचित ढिला करा, अगदी मॅन्युअल गाडीत करतो तसा. गिअर बदलताना मान पुढे जाणं यानेच सर्वांत जास्त कमी होतं. ओव्हरटेकला मात्र पेडल दाबून वाट पाहू नका. आधीच मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या, आरपीएम चढला की मगच बाहेर पडा. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने एक्सलरेटर असं कधीही करू नका, बहुतेक गाड्यांत ईसीयू अशा वेळी इंजिनाची ताकद कापतो.

३५-४० ला गिअर वर-खाली होतो कारण तो वेग नेमका गिअर बदलण्याच्या सीमेवर पडतो. एसी चालू असेल किंवा चार माणसं बसली असतील तर जास्तच. मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवा. चढावर वरचा गिअर न घेणं तर बरोबरच आहे, वेग हवा तसा वाढत नाही हे ओळखून युनिट खालचा गिअर धरतं. ताम्हिणी किंवा खंबाटकी चढताना दुसरा गिअर स्वतःच निवडलेला बरा. चढावर एक्सलरेटरवर गाडी तोलून धरू नका. क्लच घसरत राहतो, गरम होतो, जळका वास येतो. ब्रेक धरा, हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसेल तर हँडब्रेक वापरा. क्लच प्लेट बहुतेक वॉरंटींत झीज होणारा भाग म्हणून वगळलेली असते, आपली पुस्तिका वाचून घ्या.

बाजारात पेडल बॉक्स किंवा थ्रॉटल कंट्रोलर मिळतो, तो घेऊ नका. तो फक्त पेडलचा सिग्नल फुगवून ईसीयूला देतो. क्लचचा किंवा गिअरचा उशीर त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट अर्धवट पकडलेल्या क्लचवर जास्त ताकद येते, आणि पुढे वॉरंटीचा वाद झाला तर तो बॉक्स तुमच्याच विरुद्ध जातो. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करण्याचा सल्लाही सोडून द्या. अनेक गाड्यांत त्याने आयडलिंगचं शिकलेलं मोजमाप पुसलं जातं आणि क्लचचा प्रश्न आहे तिथेच राहतो.

गाडी पुन्हा न्याल तेव्हा ‘पिकअप नाही’ एवढंच लिहून देऊ नका. जॉबकार्डवर असं लिहून घ्या: सपाट रस्त्यावर ब्रेक सोडल्यावर झटका, इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये. मग तीन गोष्टी मागा. स्कॅनर लावून इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही युनिटचे फॉल्ट कोड. दोन्हींचं सॉफ्टवेअर ताजं आहे का याची तपासणी. आणि क्लचच्या पकडबिंदूचं नव्याने लर्निंग. हे लर्निंग ठरलेल्या क्रमाने स्कॅनरनेच होतं. हायड्रॉलिक ॲक्च्युएटर असेल तर त्याच्या तेलाची पातळी, आणि सोबत बॅटरीचं व्होल्टेज बघायला सांगा. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट हवेत. बॅटरी खचली की ॲक्च्युएटर संथ पडतो. टेस्ट ड्राइव्हला टेक्निशियनच्या शेजारी स्वतः बसा, आणि तेच मॉडेल दुसऱ्या गाडीत चालवून पाहायला मागा. दोन्ही सारख्याच वागल्या तर तो मॉडेलचा स्वभाव, तुमचीच वेगळी वागली तर दोष.

चालू गाडी आपोआप न्यूट्रलमध्ये गेली, गिअरचा आकडा लुकलुकायला लागला, किंवा आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही असं झालं, तर ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर मान्य करू नका. गाडी कडेला घ्या, डिस्प्लेचा फोटो काढा आणि टो करून न्या. अशा वेळी जॉबकार्डची प्रत हातात पडल्याशिवाय चावी देऊ नका.