मनीला पिंजऱ्यातून सोडू का?

प्रश्न : आमची मनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली. मागच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून सळई घातली. आता पिंजऱ्यात सारखी रडते. मोकळी सोडू का? दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालेल?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, पॅरासिटामॉलचा थेंबही नको. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही आणि जीव जातो. दुखण्यावर तिच्या डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्या.

तिचं रडणं ऐकवत नाही, कळतं मला. तरीही सोडू नका. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पण मांजराला जरा बरं वाटलं की ते थेट कपाटावर उडी मारतं, आणि सळई सरकते. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसेपर्यंत पिंजराच. तो मात्र तुम्ही वावरता त्या खोलीत ठेवा, तुमचा आवाज तिला हवा असतो. शी-शूच्या ट्रेची कड बुटकी असू द्या. डॉक्टरांनी गळ्याभोवती बसवलेली शंकूसारखी कॉलर काढू नका, नाहीतर मनी टाके चाटेल. जखम रोज बघा. सूज, वास किंवा पू दिसला तर लगेच दवाखाना गाठा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तरीही, कारण उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.

आणि गॅलरीला जाळी ती बाहेर यायच्या आधी बसवून घ्या.