यंत्रांच्या यादीआधी एक सपाट फळी

ताई, नमस्कार.

तुमच्या सोळा वर्षांच्या मुलीला शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती बनवायची आहे, तीही तयार किट न घेता, थेट नकाशापासून. त्यासाठी तिने अडगळीची खोली मागितली आहे आणि यंत्रांची लांबलचक यादी तुमच्या हातात दिली आहे. हे खूळ समजायचं की पुढच्या वाटेची खूण, असं तुम्ही विचारता.

खोली जरूर द्या. यादी मात्र सध्या बाजूला ठेवा. कोणतं यंत्र खरंच लागतं, हे हाताने काम केल्यावरच कळतं.

सुरुवात प्रमाण ठरवण्यापासून होऊ दे. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रजी युद्धनौकांच्या कितीतरी प्रतिकृती 1:48 या प्रमाणात आहेत, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट इथे पाव इंच. या हिशेबाने 48 मीटरचं जहाज एक मीटरचं होतं, 1:96 ला अर्ध्या मीटरचं. टेबल केवढं हवं, ते यावरून ठरेल. शिवाय टेबलाला चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे, भिंतीला चिकटवलेल्या टेबलावर जहाजाची पलीकडची बाजू नेहमी वाकडी होते.

मग एक जाड, अजिबात न वाकणारी फळी. तिच्यावर मधोमध रेघ मारायची आणि जहाजाचा कणा त्या रेघेवर बसवायचा. पुढचं सगळं मोजमाप याच रेघेवरून होतं. सोबत गुण्या, पोलादी पट्टी, बारीक दात्यांची करवत, धारदार पटाशी, छोटा रंधा, कानशी, हाताने फिरवायचा बारीक ड्रिल, पांढरा डिंक आणि भरपूर चिमटे. पहिल्या काही महिन्यांना एवढं पुरतं. लाकूड बारीक रेषांचं हवं, पेअर किंवा मेपलसारखं. खरी जहाजं ओकची असत, पण ओकची ठसठशीत छिद्रं छोट्या प्रतिकृतीत विद्रूप दिसतात.

आता तिला एक बरगडी, म्हणजे कण्यावर आडवी बसणारी, जहाजाला आकार देणारी लाकडी कमान, करायला सांगा. नकाशाची प्रत लाकडावर चिकटवायची, रेघेच्या बाहेरून कापायचं आणि कानशीने रेघेपर्यंत यायचं. रेघ अर्धी उरली की हात थांबला पाहिजे. अख्खी कमान एकाच फळीतून कापली तर काही ठिकाणी लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि तिथेच ती मोडते, म्हणून ती तुकडे जोडून करतात. पाच बरगड्या उभ्या राहिल्या की त्यांच्यावरून एक पातळ लवचीक पट्टी वाकवून पाहायची. पट्टी आणि बरगडी यांच्यामधून उजेड दिसला की तिथे चूक आहे.

त्या उजेडापाशी ती काय करते, ते तुम्ही शांतपणे बघा. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ती नकाशाकडे परतून वरचा, बाजूचा आणि समोरचा छेद जुळतात का हे तपासू लागली, तर नौका-अभियांत्रिकीचा विचार करा, त्यासाठी गणित आणि भौतिकशास्त्र सोडू देऊ नका. कानस घेऊन तासन्‌तास त्या जागेवर रमली, तर प्रॉडक्ट डिझाइन, लाकडी होड्यांची बांधणी किंवा वास्तुरचनेच्या प्रतिकृती हे तिचं क्षेत्र असू शकतं. आणि मूळ जहाजावर ही बरगडी नेमकी कशी होती हे शोधत बसली, तर संग्रहालयातलं जतनकाम किंवा सागरी इतिहास. जतनकामाला रसायनशास्त्रही लागतं. तिन्ही वाटा खऱ्या आहेत, पण अभ्यास वेगवेगळा आहे, म्हणून आत्ताच शिक्का मारू नका.

एका बाबतीत मात्र हयगय नको. लाकडाचा भुसा साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांत धरली आहे. खोलीत हवा खेळती हवी, घासताना चांगला मास्क हवा, आणि झाडू मारण्याऐवजी व्हॅक्यूम वापरा. पहिलं यंत्र घ्यायचंच झालं तर धूळ ओढणारं घ्या.

पाच बरगड्या झाल्या की तिलाच मला पत्र लिहायला सांगा. कोणती बरगडी पुन्हा करावी लागली आणि का, एवढं त्यात असू दे.