भिंतीत खिळा आहे की सळई?

प्रश्न: फोनमध्ये मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं अ‍ॅप टाकलंय. भिंतीवरून फोन फिरवला की एका जागी आकडा ४५ वरून ७० मायक्रोटेस्लावर (चुंबकीय क्षेत्राचं एकक) जातो. आत काय आहे ते यावरून ओळखता येईल का? आणि तांब्याच्या पाइपवर आकडा हलतच नाही, असं का?

उत्तर: नुसत्या ७० वरून नाही ओळखता येत, कारण अगदी वर असलेला बारका स्क्रू आणि खोलवरची जाड सळई दोन्ही ७० दाखवू शकतात. ४५ हे मुख्यतः पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, ते जागेप्रमाणे साधारण २५ ते ६५ असतं, लोखंडामुळे त्यात जो फरक पडतो तो आपल्या कामाचा.

भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, दर २ सेंमीवर आकडा लिहा आणि ग्राफ काढा, खरी गंमत तिथेच आहे. टोकदार, अरुंद उंचवटा आला तर वस्तू जवळ आणि छोटी, पसरट आला तर ती खोल किंवा मोठी. मग आधीच्या रेघेच्या वर-खाली अजून दोन-तीन रेघा मारून बघा, उंचवटा प्रत्येक रेघेवर येत राहिला तर सळई किंवा लोखंडी पाइप, एकाच ठिकाणी संपला तर खिळा. छोट्या वस्तूचा परिणाम फार भराभर घटतो, अंतर दुप्पट झालं की फरक जेमतेम एक अष्टमांश उरतो, म्हणजे ४५ आणि ७० मधल्या २५ चे साधारण ३. सळईचा त्यामानाने हळू घटतो.

कधीकधी आकडा ४५ च्या खालीही जातो, तेव्हा फोन बिघडला असं समजू नका. लोखंडात स्वतःचं चुंबकत्व मुरलेलं असतं आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेनेही असू शकतं, त्यामुळे एकाच डब्यातले दोन स्क्रू वेगळे ग्राफ देतात. ओळख पटवणं अवघड जातं ते मुख्यतः यामुळेच. दुसऱ्या महायुद्धात विमानातून पाणबुड्या शोधल्या त्याही लोखंडामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात पडणारा फरक मोजूनच, आणि उत्खननवाले जमिनीखालच्या जुन्या भट्ट्या शोधतात तेही असंच, कारण तापलेली माती थंड होताना तेव्हाचं चुंबकत्व धरून ठेवते.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम या क्षेत्राला जवळजवळ हात लावत नाहीत. मेटल डिटेक्टर स्वतःचं बदलतं क्षेत्र सोडतो म्हणून त्याला तांबं सापडतं, फोन फक्त असलेलं क्षेत्र मोजतो. म्हणून प्लीज, आकडा हलला नाही म्हणजे भिंत मोकळी आहे असं धरून ड्रिल मारू नका, विजेच्या वायरीही बहुतेक तांब्याच्याच असतात.