दापोलीचा खर्च जमेल, क्लबचा हप्ता नाही

पिंपरीच्या एक वाचक लिहितात: "दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे दापोलीजवळ मुरुडला ४ रात्री जातोय. स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं घर ५,००० रुपये रोजाने मिळालंय. जेवणखाण आणि फिरणं १५,००० मध्ये बसेल का? गेल्या दिवाळीत मॉलमध्ये बोलावून हॉलिडे क्लबचं २५ वर्षांचं सभासदत्व दिलं होतं: वर्षाला ७ रात्री, एक खोली, किंमत ३ लाख ६० हजार. ६० हजार भरले, बाकीचे ९,००० चे ४८ हप्ते. शिवाय वार्षिक फी २०,०००. यंदा तारीखच मिळाली नाही. मिस्टर म्हणतात, न वापरलेल्या रात्री विकता येतील. बोनस ८० हजार येईल. निम्मा सहलीला, उरलेल्या निम्म्याची मुलांसाठी मनी-बॅक पॉलिसी घ्यावी का?"

आधी सहल. १५,००० पुरतात. तांदूळ, डाळ, पोहे, भाजणी, मसाला घरून न्या: २,०००. दूध, भाजी, अंडी, नारळ तिथे घ्या: २,०००. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव होतो. तो मुलांना जरूर दाखवा. मोठा माल व्यापारी उचलतात, पण शेजारी बसलेल्या बायकांकडे घरापुरता वाटा मिळतो. सुरमईचा हट्ट धरला नाही तर दोन संध्याकाळी २,००० मध्ये होतात. दोन दुपारी घरगुती खानावळीत, माणशी ३०० धरून ३,६००. झाले साडेनऊ हजार. गॅस सिलिंडर भाड्यात धरलाय का, ते आधीच विचारा. आणि घरमालकांना सांगून गावातली एखादी स्वयंपाक करणारी बाई नक्की बघा, दीड हजार त्यासाठी ठेवा. सहा माणसांचं रांधण्यात तुमची सुट्टी जाऊ देऊ नका.

उरतात ४,०००. हर्णैहून सुवर्णदुर्गाची होडी, मुलांना समुद्रावरची एकेक राइड, एवढ्याला ते पुरे आहेत. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि पन्हाळेकाजीची लेणी यांना पेट्रोलपलीकडे फारसा खर्च नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. हप्त्यांचे ४ लाख ३२ हजार आणि आधीचे ६० हजार, म्हणजे जवळपास ५ लाख. ३ लाखांच्या कर्जावर तुम्ही १९ टक्क्यांच्या आसपास व्याज देताय. ५ लाख २५ वर्षांवर पसरले तर वर्षाला २०,०००, वर फी २०,०००. ७ रात्रींचे ४०,०००, म्हणजे रात्रीला ५,७००. तेही एका खोलीचे, जेवण वेगळं, आणि फी कायम २० हजारच राहील असं धरू नका. तुम्हा सहाजणांना दोन खोल्या लागतात. त्या मुरुडला स्वयंपाकघरासकट ५,००० त मिळाल्या, कर्ज न काढता.

न वापरलेल्या रात्री विकण्याची आशा सोडा. तुम्हाला हवी तेव्हा तारीख मिळत नाही, आणि तुमच्याकडे उरेल ती पावसाळ्यातल्या आडवारची रात्र. ती पैसे देऊन कोण घेणार? या सभासदत्वाला मालमत्ता म्हणून विकलं जातं याचा मला मनापासून राग येतो. मालमत्तेतून उत्पन्न येतं किंवा ती विकता येते. इथे तुम्ही २५ वर्षं फी भरण्याचं कबूल केलंय.

पॉलिसी घेऊ नका. तिचा परतावा ५-६ टक्क्यांच्या घरात असतो आणि तुमचं कर्ज १९ टक्क्यांचं आहे. तेच ४० हजार कर्जात भरा, पहिल्या वर्षीच साडेसात हजारांचं व्याज वाचेल. मुदतीआधी भरण्याचं शुल्क किती, ते आधी विचारून घ्या.

१२ हप्ते गेले असतील तर अजून सुमारे २ लाख ४५ हजार मुद्दल बाकी आहे. करार काढून रद्द करण्याचं कलम वाचा. मग क्लबला ईमेल करा: विक्रेत्याने तोंडी काय काय सांगितलं, कुठली तारीख मागितली, काय उत्तर आलं, आणि सभासदत्व रद्द करून परतावा हवा. फोनवर काही ठरवू नका. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तिथे जावं लागतं. खरेदीला वर्ष होत आलंय, तेव्हा ईमेल सहलीला निघण्याआधीच जाऊ द्या. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

रागाच्या भरात हप्ता मात्र थांबवू नका. कर्ज वित्तसंस्थेचं असेल तर क्लबशी भांडण चालू असतानाही ती तुमचा क्रेडिट स्कोअर खाली आणेल. कर्ज नेमकं कोणी दिलंय, क्लबने की वित्तसंस्थेने, ते करारात बघून मला कळवा. पुढचा सल्ला त्यावर ठरेल.